कॅनव्हासवर छपाई करायची, तर कापड कसे पारखावे

कोल्हापुरात जुन्या फोटोंना मान आहे. तालमीत, दिवाणखान्यात, दुकानाच्या गल्ल्यामागे आजोबा-पणजोबांची छायाचित्रे टांगलेली असतात आणि अलीकडे ती मोठी करून कॅनव्हासवर छापून घेण्याकडे लोकांचा ओढा वाढला आहे. असाच एक तरुण आपल्या पैलवान आजोबांचा कृष्णधवल फोटो घेऊन माझ्याकडे आला होता. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात गदा आणि डोक्याला पांढराशुभ्र फेटा. छपाई झाल्यावर आम्ही दोघांनी ती खिडकीपाशी धरून पाहिली. फेटा दुधासारखा दिसत होता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "दादा, आजोबांचा फेटा पिवळा पडलाय की ओ." घरी जाऊन पाहिले, तर खरोखरच एलईडी दिव्याखाली फेट्यावर पिवळसर झाक होती. तोच कॅनव्हास अंगणात आणला आणि फेटा पुन्हा पांढरा झाला.

शाईत काही बिघाड नव्हता आणि फाइलही ठीक होती. कॅनव्हास निवडताना मी एक गोष्ट तपासली नव्हती, तिचा हा परिणाम होता, आणि ती गोष्ट कोणती हे पुढे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे. मात्र त्या दिवसापासून मी नमुन्याच्या पुस्तिकेत बोटभर तुकडा पाहून कॅनव्हास घेणे बंद केले. कॅनव्हास पारखायचा तो पूर्ण झालेल्या चित्राच्या रूपात, म्हणजे छापलेला, वाळलेला, वॉर्निश लावलेला, चौकटीवर ताणलेला आणि जिथे टांगायचा त्या उजेडात ठेवलेला. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका आग्रहातून आल्या आहेत.

आधी चित्र आणि भिंत

पहिला प्रश्न कापडाचा नसून चित्राचा असतो. प्रत्येक चित्र कॅनव्हासवर शोभत नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेली जलरंगातल्या निसर्गचित्रांची परंपरा या गावात आजही जिवंत आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की जलरंगाची प्रत कॅनव्हासवर छापू नये. जलरंगात पाण्याची उतरती छटा आणि कागदाचा कोरा पांढरा भाग यांनाच सारे मोल असते. कापडाच्या विणीत ती छटा तुटते आणि चित्र भलत्याच माध्यमातले वाटू लागते. त्यासाठी सुती कागदच योग्य आहे. तैलरंग, ॲक्रिलिक, व्यक्तिचित्रे, विस्तीर्ण निसर्गदृश्ये आणि जुने कौटुंबिक फोटो मात्र कॅनव्हासवर खुलतात. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या नाटकाच्या पडद्यांचे हे गाव आहे, त्यामुळे कापडावरच्या चित्राची सवय इथल्या नजरेला जुनीच आहे.

तैलचित्राची प्रत काढताना एक अडचण हमखास येते. मूळ चित्र कॅनव्हासवर असते, त्याची वीण फोटोत उतरलेली असते आणि ती पुन्हा दुसऱ्या विणीवर छापली की दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यासारखी लहर दिसते. अशा चित्राला जाड, खरबरीत कॅनव्हास "अस्सल वाटेल" म्हणून निवडणे हीच नेमकी चूक ठरते. त्याला बारीक, सपाट विणीचा कॅनव्हास लागतो. उलट साध्या डिजिटल फोटोला थोडी उठावदार वीण असली, तर चित्राला अंग आल्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट भिंतीची. चित्र वातानुकूलित कार्यालयात लागणार, की जुन्या वाड्याच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर? समोर खिडकी आहे का? रोज ऊन येते का? दिवे कसले आहेत? ग्राहकाकडून ही माहिती मी आता लिहूनच घेतो, कारण कापडाची जात, चकाकी आणि वॉर्निश या तिन्हींचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो.

मशीनमध्ये कोणती शाई आहे

कॅनव्हासवर शाई थेट कापडात मुरत नाही. कापडावर आधी पांढरा भरणीचा थर आणि त्यावर शाई धरून ठेवणारा लेप दिलेला असतो, आणि हा लेप विशिष्ट प्रकारच्या शाईसाठीच बनवलेला असतो. त्यामुळे रोल घेताना पहिला शब्द शाईचा काढावा.

फ्लेक्स आणि बॅनरच्या दुकानांत बहुतेक इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकावर आधारित शाईचे मशीन असते आणि त्यासाठीचा कॅनव्हास वेगळा मिळतो. तो स्वस्त पडतो म्हणून पाण्यावर आधारित शाईच्या फोटो प्रिंटरमध्ये घातला, तर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, वाळत नाही आणि बोट लावताच पुसली जाते. लेटेक्स शाई मशीनमधल्या उष्णतेने पक्की होते, तर यूव्ही शाई अतिनील प्रकाशाने जागच्या जागी घट्ट होते; या दोन्ही शाया पुष्कळ पृष्ठभागांवर चालतात. मात्र यूव्ही शाईचा थर कापडाच्या वर बसत असल्यामुळे चौकटीच्या कडेला तो तडकतो का, हे आधी पाहावे लागते.

कलाकृतींच्या आणि उत्तम फोटोंच्या छपाईसाठी पाण्यावर आधारित पिग्मेंट शाई हाच माझ्या मते योग्य पर्याय आहे. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. पिग्मेंटमध्ये तो सूक्ष्म कणांच्या रूपात असतो आणि म्हणून उजेड व हवा यांपुढे सहसा कितीतरी जास्त काळ टिकतो. अशा छपाईला "जिक्ले" म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द १९९१ साली जॅक डुगान यांनी कॅलिफोर्नियातील नॅश एडिशन्स या छपाईगृहात काम करताना रूढ केला. त्याचा मूळ अर्थ शाईच्या फवाऱ्याशी संबंधित आहे. त्यात गुणवत्तेची कोणतीही हमी नाही. एखादा विक्रेता "जिक्ले कॅनव्हास" म्हणाला, तरी शाई आणि लेप यांची चौकशी करायचीच.

कापड: सुती, पॉलिएस्टर की मिश्र

इथे थोडे थांबायला हवे, कारण कोल्हापूरच्या हवेत हा निर्णय इतर अनेक ठिकाणांपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

सुती धागा हवेतला ओलावा शोषतो. वस्त्रशास्त्राच्या प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ७ ते ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत होते. एवढ्या फरकात सुती कॅनव्हास आणि लाकडी चौकट दोन्ही हलतात. मे महिन्यात ढोलकीसारखा ताणलेला कॅनव्हास पावसाळ्यात मध्यभागी सैल पडलेला अनेकांनी पाहिला असेल.

म्हणून सर्वसाधारण कामाला मी पॉली-कॉटन, म्हणजे मिश्र धाग्याचा कॅनव्हास सुचवतो. त्याचा स्पर्श कापसासारखा राहतो आणि ताण बराच स्थिर राहतो. निव्वळ सुती कॅनव्हास मर्यादित आवृत्तीच्या कलाकृतींसाठी, संग्राहकांसाठी आणि ज्या चित्रकाराला प्रतीवर स्वतः रंगाचे हात फिरवायचे आहेत त्याच्यासाठी राखून ठेवावा. त्याची ऊब आणि हाताला जाणवणारे अंग दुसऱ्या कशात येत नाही. निव्वळ पॉलिएस्टर मोठ्या आकाराच्या व्यापारी कामाला आणि ओलसर जागांना चांगला, फक्त त्याची वीण यंत्रासारखी एकसारखी दिसते आणि जवळून पाहणाऱ्याला ती खटकते.

निव्वळ सुती कॅनव्हास घेतल्यास आणखी दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात. कापसात सरकीचे बारीक काळे कण आणि धाग्याच्या गाठी कधीकधी राहतात. निळ्या आकाशाच्या मधोमध असा ठिपका आला, तर ती प्रत बाद करावी लागते, म्हणून रोल उलगडताना तिरक्या उजेडात पृष्ठभाग पाहून घ्यावा. दुसरी गोष्ट आटण्याची. पाण्यावर आधारित वॉर्निश लावल्यावर सुती कापड आटते. हे आटणे शंभरात एक भाग इतके धरले, तरी ३६ इंचाच्या चित्रात इंचाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फरक पडतो आणि चित्राची कड चौकटीच्या धारेवरून सरकते.

विणीचे दोन प्रकार बाजारात प्रामुख्याने दिसतात. एक ताणा-एक बाणा ही साधी वीण समान आणि शांत दिसते, तर जोडधाग्याची ऑक्सफर्ड वीण अधिक ठसठशीत असते. वजन साधारण ३४० ते ४५० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर) दरम्यान असते. उदाहरणार्थ, १५८४ पासून कागद बनवणाऱ्या जर्मनीच्या हानेम्युलेकडे ४०० जीएसएमचा मिश्र धाग्याचा आणि ४३० जीएसएमचा निव्वळ सुती असे दोन्ही कॅनव्हास आहेत. जास्त वजन म्हणजे जास्त चांगला, असा समज मात्र सोडून द्यावा. वजनाचा मोठा भाग लेपाचाही असतो, आणि लेप जितका जाड तितका कोपऱ्यावर तडकण्याचा धोका वाढतो.

लेप आणि पांढरेपणा: फेट्याचे कोडे

आता पैलवानांच्या फेट्याकडे येऊ. कॅनव्हास अधिक शुभ्र दिसावा म्हणून अनेक उत्पादक लेपात प्रकाश उजळवणारी रसायने घालतात. ही रसायने डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि त्यांच्या बदल्यात निळसर उजेड बाहेर टाकतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही अशीच रसायने असतात. खिडकीतून येणाऱ्या उजेडात अतिनील किरण असल्यामुळे तिथे कॅनव्हास दुधासारखा दिसतो. घरातल्या सामान्य पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे निळसर भर निघून जाते आणि कापडाचा मूळचा पिवळट रंग उघडा पडतो. कृष्णधवल फोटोतल्या पांढऱ्या फेट्यावर मशीन शाई टाकतच नाही, तिथे निव्वळ कॅनव्हास दिसतो. म्हणून सगळ्यात आधी फेटाच पिवळा दिसला.

याहून गंभीर बाब अशी की ही रसायने वर्षानुवर्षांच्या उजेडात क्षीण होत जातात आणि तो पिवळेपणा कायमचा होतो. शाई शाबूत राहते, पण खालचा पांढरा बदलल्यामुळे साऱ्या रंगांचा तोल जातो.

तपासणी सोपी आहे. दुकानात नोटा तपासण्याचा जो जांभळा दिवा असतो, त्याखाली अंधाऱ्या खोलीत कॅनव्हासचा कोरा तुकडा धरावा. तुकडा निळा-पांढरा झगमगला, तर उजळवणारी रसायने भरपूर आहेत; मंद राहिला, तर ती नाहीत किंवा अगदी कमी आहेत. शेजारी धुतलेला पांढरा सदरा आणि निव्वळ सुती, रसायनमुक्त कागदाचा तुकडा ठेवला की तुलना लगेच कळते. लग्नाच्या फोटोसाठी, दोन-चार वर्षांच्या सजावटीसाठी झगमगणारा कॅनव्हास वापरायला माझी हरकत नाही. पूर्वजांचा फोटो आणि चित्रकाराची सहीची प्रत यांच्यासाठी तो कधीही घेऊ नये. त्या तरुणाला मी रसायनमुक्त कॅनव्हासवर, मशीनच्या खास कृष्णधवल पद्धतीत नवी प्रत करून दिली. त्या पद्धतीत रंगीत शाया अगदी थोड्या लागतात आणि राखाडी छटा काळ्याच्या दोन-तीन पातळ शायांतून घडतात, त्यामुळे उजेड बदलला तरी हिरवट-जांभळट झाक येत नाही. नवा फेटा किंचित सायीच्या रंगाचा आहे, आणि खिडकीपाशी व दिव्याखाली तो तसाच राहतो.

लेपाविषयी आणखी दोन शब्द. सच्छिद्र लेप शाई चटकन पितो आणि लवकर कोरडा होतो. फुगणारा पॉलिमर लेप शाईला आत कोंडून धरतो, पण पाण्याला नाजूक असतो. आपल्या हवेत सच्छिद्र आणि पाण्याला टिकणारा लेप बरा. कॅनव्हास आम्लरहित आहे का, हेही माहितीपत्रकात पाहावे, कारण आम्ल राहिलेले कापड काळानुसार पिवळे आणि ठिसूळ होते.

मॅट, सॅटिन की ग्लॉस

मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या कॅनव्हासवर मॅट काळी शाई वापरतात. सॅटिन (मंद चकाकीचा) आणि ग्लॉस (पूर्ण चकाकीचा) यांवर फोटो काळी ही शाई. वॉर्निशशिवाय मॅटचा काळा रंग काहीसा राखेसारखा दिसतो. काळ्याची घनता, म्हणजे तो किती गडद आहे ते मोजले, तर मॅटवर ती साधारण १.६ च्या आसपास आणि ग्लॉसवर २ च्या वर भरते. हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो भडक रंगांत. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर उधळलेल्या गुलालाचा फोटो कोऱ्या मॅटवर छापून पाहावा. तो गुलाबी रंग मातकट होतो, कारण तेवढी गडद छटा त्या पृष्ठभागावर उमटतच नाही. त्याला सॅटिन घ्यावा, किंवा मॅटवर चकाकीचे वॉर्निश द्यावे. समोर खिडकी असेल, तर ग्लॉस टाळावा.

रोलचे माप

हा हिशेब आधी केला नाही, तर पैसे वाया जातात. समजा चित्र २० बाय ३० इंच आहे आणि चौकटीची पट्टी दीड इंच जाड आहे. प्रत्येक बाजूला दीड इंच कड आणि मागे पिना मारायला एक इंच, म्हणजे अडीच इंच. दोन्ही बाजू धरून कापड २५ बाय ३५ इंच लागते. २४ इंचाच्या रोलवर हे बसत नाही. हेच चित्र पाऊण इंचाच्या पट्टीवर घेतले, तर दर बाजूला पावणेदोन इंच पुरतात, रुंदी साडेतेवीस इंच होते आणि २४ इंचाचा रोल चालतो.

३६ इंचाच्या रोलवर दीड इंची पट्टीचे काम आडवे टाकले, म्हणजे ३५ इंच रुंदीत आणि २५ इंच लांबीत, तर ४० फुटांच्या रोलमधून प्रतींमधली मोकळी जागा न धरता १९ प्रती निघतात. उभे टाकले तर १३ च. मात्र कापड लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेला वेगवेगळे ताणले जाते, म्हणून जोडीने लागणाऱ्या दोन चित्रांची दिशा एकच ठेवावी.

कडेवर काय दिसणार हेही आत्ताच ठरवावे. चित्रच कडेवर वळवले, तर समोरून दीड-दीड इंच नाहीसे होते. रंकाळ्याच्या एका फोटोत तलावातला संध्यामठ अगदी उजव्या टोकाला होता आणि तो कडेवर गेला असता. तिथे आम्ही चित्राचा शेवटचा भाग आरशासारखा उलटून कडेसाठी वापरला. व्यक्तिचित्राला एकरंगी कड अधिक शोभते, कारण उलटवलेला हात किंवा कान विचित्र दिसतो.

चित्राची फाइल पुरेशी आहे का, याची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ३० बाय २० इंचात तो इंचाला २०० पिक्सेल देतो आणि कॅनव्हासच्या विणीवर तेवढे पुष्कळ होते. दूरवरून पाहायच्या मोठ्या चित्राला १५० देखील चालतात.

चाचणीची पट्टी

अख्खा रोल घेण्याआधी विक्रेत्याकडून मीटरभर तुकडा मागावा, लागले तर त्याचे पैसे द्यावेत. त्यावर मी नेहमी एकच पट्टी छापतो: राखाडी छटांची उतरंड, एक गडद काळा चौकोन, त्वचेचे तीन वर्ण, हळदीचा पिवळा, गुलालाचा गुलाबी, गर्द हिरवा आणि एक कोरा पांढरा भाग. पट्टी चोवीस तास वाळू द्यावी आणि मग तिची परीक्षा पाहावी.

काळ्या चौकोनातून कापड शिलाईच्या घडीसारखे दुमडून अंगठ्याने दाबावे आणि उलगडून भिंग लावून पाहावे. बारीक पांढरी रेघ चालते, कारण वॉर्निशने आणि नीट ताणण्याने ती झाकली जाते. लेपाच्या खपल्या निघून पांढरा पट्टा दिसला, तर तो कॅनव्हास चौकटीवर वळवण्याच्या कामाचा नाही. मग नखाने हलका ओरखडा काढून पाहावा. पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभराने पांढऱ्या रुमालाने टिपावा. रुमालाला रंग लागला, तर पाण्याचे वॉर्निश त्यावर लावताना रंग ओढला जाण्याची भीती असते. शेवटी अर्ध्या पट्टीला वॉर्निश देऊन दोन्ही भाग खिडकीपाशी आणि एलईडीखाली पाहावेत.

पट्टीवर तारीख, कॅनव्हासचे नाव, शाई आणि वॉर्निश लिहून तिचे दोन भाग करावेत. एक भाग कपाटात, दुसरा ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवले की जे दिसते, ते कोणत्याही जाहिरातीतल्या वर्षांच्या आकड्यापेक्षा खरे असते. विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या संस्थेच्या टिकाऊपणाच्या चाचण्या जरूर पाहाव्यात, पण ते आकडे ठरावीक शाई, ठरावीक कॅनव्हास आणि ठरावीक उजेड यांच्या जोडीचे असतात. यातला एक घटक बदलला की तो आकडा आपल्या कामाला लावता येत नाही.

प्रोफाइल आणि छपाई

उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मशीनसाठीचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कॅनव्हासवर रंग कसे उमटतात हे मशीनला सांगणारी फाइल, बहुधा मोफत मिळते. ते घ्यावे, पडद्यावर छपाईपूर्व दृश्य पाहावे आणि कोणते रंग पकडीबाहेर जातात, म्हणजे छापताच येत नाहीत, हे तपासावे. पडदा फार तेजस्वी ठेवला असेल, तर प्रत नेहमी काळवंडलेली वाटते, म्हणून तो कॅलिब्रेट करून तेज सुमारे १०० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणावे. वॉर्निशनंतर काळा अधिक गडद होतो, त्यामुळे नेहमीच्या कामासाठी स्वतंत्र प्रोफाइल करून घ्यायचे असल्यास रंगतक्ता वॉर्निश लावूनच मोजावा.

मशीनमध्ये शाई फवारणारे हेड आणि कापड यांच्यातले अंतर "वाइड" ठेवावे, नाहीतर कापडाची उंचवटलेली कड हेडला घासते आणि ते नुकसान फार महाग पडते. छपाईआधी मऊ ब्रशने धागे आणि धूळ झाडावी. धाग्याखाली न छापलेली पांढरी रेघ नंतर उघडी पडते. आपोआप कापणारे पाते बंद करून कात्रीने कापावे. रोल खोलीत आणल्यावर एक दिवस तसाच ठेवावा आणि काम झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून ठेवावा.

वाळवणे आणि वॉर्निश

एका जुलैत मला घाई नडली. पाच प्रती दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. वॉर्निश हाताला कोरडे लागले म्हणून मी त्या एकमेकींवर तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि सकाळी दोन प्रती एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. सोडवताना एकीच्या आकाशाचा पापुद्रा दुसरीवर गेला. पिग्मेंट शाईत सावकाश उडणारी द्रव्ये असतात. वरून वॉर्निशचा थर बसला की ती आत कोंडतात, आणि दमट हवेत पाण्याचे वॉर्निश वरून कोरडे वाटले तरी आतून ओलेच राहते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. छपाईनंतर किमान चोवीस तास, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस तास, प्रत सपाट आणि मोकळ्या हवेत राहते. आर्द्रतामापक ६० टक्क्यांच्या वर असेल, तर त्या दिवशी वॉर्निश होत नाही, किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र लावून, खिडक्या बंद करून मगच होते. जाड एका हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत, पहिला आडवा आणि दुसरा उभा. फोमच्या रोलरने बुडबुडे येत असतील, तर रोलर आधी ओला करून पिळून घ्यावा आणि वॉर्निश हलवताना डबा जोराने झटकू नये. सॉल्व्हंटचे फवारणीचे वॉर्निश लवकर वाळते, पण दमट हवेत त्यावर पांढुरके धुके उतरते आणि त्याची वाफ घेणे आरोग्याला घातक असते. योग्य मास्क आणि खेळती हवा यांशिवाय ते वापरू नये. अतिनील किरण अडवणारे वॉर्निश घ्यावे. कॅनव्हासवर काच नसते, त्यामुळे धूळ, हात आणि ऊन यांच्यापुढे वॉर्निश हेच त्याचे एकमेव संरक्षण असते.

ताणणे आणि टांगणे

वॉर्निश पूर्ण वाळल्यावर, सुती कापड आटून स्थिर झाल्यावर, माप पुन्हा घेऊन मगच ताणायला बसावे. चौकटीचे लाकूड चांगले वाळलेले हवे. ओल्या लाकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात पिळते. चार बाजूंच्या मध्यापासून सुरुवात करून समोरासमोर पिना मारत कोपऱ्यांकडे जावे. थंडीत कॅनव्हास कडक होतो, तेव्हा कोपरा वळवण्याआधी हेअर ड्रायरने किंचित कोमट करून घेतल्यास लेप तडकत नाही. शक्य असल्यास कोपऱ्यांत पाचर बसवता येईल अशी चौकट घ्यावी. पावसाळ्यात कापड सैल पडले, तर पाचर हातोडीने हळूच ठोकून ताण परत आणता येतो. फार ठोकू नये, कारण उन्हाळ्यात तेच कापड आपोआप आवळते.

टांगताना मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाच्या लाकडाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवून कॅनव्हास आणि भिंत यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते आणि मागून बुरशी धरत नाही. बाहेरच्या बाजूने पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर चित्र लावूच नये. घरातली आतली, आडोशाची भिंत निवडावी. श्रावणात एकदा चित्र उतरवून त्याची मागची बाजू कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, पाचरी पाहाव्यात आणि समोरून फक्त कोरडे मऊ फडके फिरवावे.

पैलवान आजोबा आता त्या घरात देवघरासमोरच्या भिंतीवर आहेत. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले आहेत आणि आडव्या पट्टीवर पेन्सिलीने कॅनव्हास, शाई, वॉर्निश आणि तारीख लिहिलेली आहे, म्हणजे पुढे कोणाला प्रत काढायची झाली, तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.